'द वेट' पहिल्यांदा ऐकलं. तुम्हीही ऐका अन् पहिला अंदाज सांगा

मानवतरोड
राम राम मंडळी. 'द बँड' नावाच्या बँडचं (नाव एवढंच, पुढं-मागं काही नाही) 'द वेट' (म्हणजे ओझं) हे गाणं काल पहिल्यांदा कानावर पडलं. 1968 चं आहे. जगाला जुनं, मला कोरं. इथं रॉक ऐकणारे मोजकेच आहेत, पण भजनी मंडळातले, गोंधळातले, पेटी-तबलावाले बरेच आहेत, अन् मला त्यांचंच मत जास्त पाहिजे. आधी ऐका, मग लिहा. माझं वाचून मत बनवू नका.

माझा अंदाज असा. रॉक म्हटलं की गिटारचा गदारोळ डोक्यात येतो, तो इथं औषधालाही नाही. मधेच एकट्यानं पुढं येऊन हात दाखवायचा प्रकारही नाही. सुरुवातीला अकूस्टिक गिटारची छोटी सुरावट, मग ड्रमचे जड ठोके, अन् लगेच गाणं सुरू. गाणाऱ्याचा आवाज दाणेदार, थोडा नाकातला, रानात हाक मारून कमावलेला वाटतो.

गोष्ट साधी आहे. दमलेला माणूस एका गावात पोचतो अन् आडवं व्हायला जागा विचारतो. समोरचा हसून हात मिळवतो अन् नाही म्हणतो. मग एकेक जण भेटत जातो. एक बाई स्वतः निघून जाते अन् सोबतीला मागं सैतानाला ठेवते. एक म्हातारा म्हणतो, त्या पोरीजवळ थांब जरा. एक वेडा आपलं कुत्रं याच्या गळ्यात घालतो. शेवटी हा कंटाळून गाडी धरतो अन् ज्या बाईनं सगळ्यांना नमस्कार सांगायला पाठवलं होतं तिच्याकडंच परत निघतो.

आपल्याकडं कुणाच्या गावाला निघालं की निरोप, पिशवी, औषधाची चिठ्ठी, लोणच्याची बरणी असं सगळं सोबत येतं, अन् परतताना ते दुप्पट होतं. त्यामुळं हा माणूस मला ओळखीचा वाटला. शब्द मात्र निम्मे कळले नाहीत. कोण कुठली माणसं, सैतान मधेच कसा, काही सांगत नाहीत. त्याचा त्रास झाला नाही, हेच नवल.

हुरडा
ऐकायलो. थांबा जरा.

संबळवाला
मी तुळजापूरच्या वाटेवरचा, घरात गोंधळ आहे. इंग्रजी मला पाटी वाचण्यापुरती येते, तेव्हा शब्दांचं सोडा. वाजवण्यावर बोलतो.

ड्रमवाला लई हुशार हाय. कामून, तर तो काहीच करत नाही असं वाटतं. ठोका जरा मागं रेलून येतो, घाई अजिबात नाही. कातडं सैल ठेवलेलं असावं, आवाज घुमत नाही, थप् करून बसतो. संबळाला दोन भांडी असतात, एक चढं अन् एक उतरतं. चढ्याचा कडकडाट हाच आमचा जीव, त्यावरच माणसं अंगात आल्यासारखी डोलतात. या गड्यानं कडकडाट काढून टाकलाय अन् उतरत्यावर सगळं गाणं उभं केलंय. मला हे जमायचं नाही. माझे हात शिवशिवतात.

एक विचारायचंय. गाणारा अन् ड्रम वाजवणारा एकच माणूस हाय का? जिथं श्वास घेतो तिथंच ठोका दबतो, म्हणून वाटायलं.

मानवतरोड
दादा, बरोबर धरलंत. लिव्हॉन हेल्म त्याचं नाव. पहिली तीन कडवी तोच गातो अन् ड्रमही त्याचाच. चौथं, कुत्र्याचं कडवं बेसवाला रिक डँको गातो. शेवटच्याला दोघं मिळून. बँडमधले पाचांपैकी चौघं कॅनडाचे: रॉबी रॉबर्टसन, डँको, रिचर्ड मॅन्युएल अन् गार्थ हडसन. हेल्म तेवढा अमेरिकेचा, आर्कान्सा राज्यातला. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात टर्की स्क्रॅच नावाची वस्ती आहे, तिथं वाढला. घरची शेती कापसाची.

कापूसकोंडा
कापसाची? मग मिटलं. गाणं आमच्या जालन्याचं. बोंडअळीवर एखादं कडवं हाय का बघा, 2017 ला आमचं पुरतं वाटोळं केलतं तिनं.

मानवतरोड
कापूसकोंडा, या गाण्यात नाही, पण तुमची थट्टा नेमकी जागेवर बसली. तिकडं बोंडात शिरणारा भुंगा होता. 1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात शिरला अन् पुढं सगळा कापूसपट्टा खाऊन टाकला. त्याच्यावर ब्लूजवाल्यांनी (ब्लूज म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची गाणी) गाणी रचली, अन् ती लोकगीतं होऊन बसली. आपल्याकडं बोंडअळीवर भाषणं झाली, पंचनामे झाले, गाणं कुणी केलेलं मला तरी माहीत नाही.

संपादक
धागा 'गप्पा' मधून 'संगीत' विभागात हलवला आहे. गाण्याचे पूर्ण बोल इथे डकवू नयेत.

पेटीमास्तर
आमच्या भजनी मंडळात पेटी धरतो, त्या हिशोबानं लिहितो. गाणं पांढरी सहात आहे. कडव्यात चालच अशी: पांढरी सहा, मग काळी एकचा मायनर, मग पांढरी दोन, परत पांढरी सहा. बस. एवढ्यावर पूर्ण कडवं निघतं. नव्या पोराला एका बैठकीत शिकवता येईल.

खरी गंमत ध्रुवपदात आहे, अन् तिथं दोन गोष्टी घडतात. पहिली, आवाज एकदम येत नाहीत. एक जण शब्द उचलतो, तो लांबवतो, तेवढ्यात दुसरा तोच शब्द घेऊन वर चढतो, मग तिसरा. तिघं एकमेकांच्या खांद्यावर उभे राहतात अन् मग ओझ्याचा शब्द सगळे मिळून टाकतात. आमच्या मंडळात सगळे एकदम तोंड उघडतात, त्यात मागची दोन माणसं बेसूर असली तरी खपून जातात. इथं लपायला जागा नाही. आधी मला तालच चुकल्यासारखा वाटला, कारण त्या लांबवण्यात मात्रा सैल सोडल्यात. परत ऐकल्यावर कळलं, सैल सोडल्या आहेत पण सुटल्या नाहीत.

दुसरी, ध्रुवपद संपलं की खालचा सूर पायऱ्या उतरतो: पांढरी सहा, काळी चार, काळी तीन, पांढरी तीन, पांढरी दोन. आपल्या भाषेत सा नी ध प म. अन् म वर थांबतो. सा वर येतच नाही. म्हणून पुढचं कडवं सुरू होईपर्यंत कान अडकून राहतो. त्या माणसाला कुठंच टेकू देत नाहीत ना, तसंच सुराचंही केलंय. मुद्दाम केलं का आपसूक झालं ते देव जाणे, पण केलंय.

पेटी नाही, पियानो आहे. मागं ऑर्गन बारीक धरून ठेवलाय, लक्ष दिलं तरच ऐकू येतो.

मानवतरोड
मास्तर, पियानोवर गार्थ हडसन आहे अन् ऑर्गनवर मॅन्युएल. एरवी हडसन ऑर्गनवाला. त्याचा किस्सा भारी आहे. शास्त्रीय संगीत शिकलेला, घरच्यांना वाटायचं की शिकलेलं वाया घालवतोय. म्हणून त्यानं बँडमध्ये येताना अट घातली, मला बाकीच्यांचा संगीतशिक्षक म्हणून वेगळे पैसे द्या. म्हणजे घरी सांगायला मोकळा, मी शिकवायला जातोय.

पेटीमास्तर
शहाणा माणूस. आमच्यात क्लासवाले असंच करतात.

उलटतपासणी
मला फारसं नाही आवडलं. एवढं कौतुक वाचून ऐकलं म्हणूनही असेल. आवाज घोगरा, रेकॉर्डिंग मळकट, अन् साडेचार मिनिटांत होतं काय? माणूस आला, माणूस गेला. पाश्चात्त्य म्हणून गोष्ट अर्धवट सोडली तर ती खोल, अन् आपल्याकडच्या कीर्तनकारानं सोडली तर तो विसरला! हा कुठला न्याय? प्रत्येक जण तेच म्हणतो, माणसं ओळखीची वाटतात. नावं घेतली की ओळखीची वाटतातच.

गोदाकाठ
उलटतपासणी, तुमच्या शेवटच्या वाक्यालाच धरून बोलते. मी पैठणची, नाथांच्या वाड्याच्या सावलीत वाढलेले, त्यामुळं माझ्या डोक्यात हे गाणं ऐकल्याबरोबर भारूड आलं. रचना बघा. भारुडात एक सोंग येतं, आपलं बोलतं, जातं. मग दुसरं. वासुदेव येतो, जोशी येतो, आंधळा, बहिरा, भूत लागलेली बाई. मधे सगळ्यांचं मिळून ध्रुवपद. इथंही तेच: सैतानाबरोबर हिंडणारी बाई, कयामतच्या दिवसाची वाट बघत बसलेला ल्यूक, कुत्रेवाला वेडा चेस्टर. प्रत्येकाला एक कडवं, त्यापेक्षा जास्त वेळ कुणालाच नाही. रंगमंचावर करायचं म्हटलं तर फक्त पटके अन् झगे बदलायचे.

पण इथंच फरक आहे, अन् माझ्या मते तो फार मोठा आहे. नाथांच्या भारुडाला किल्ली असते. विंचू चावतो, तर विंचू म्हणजे कामक्रोध हे तिथल्या तिथं सांगून टाकलेलं असतं. हसता हसता ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला उपदेश होतोय. नाथ सोळाव्या शतकात लोकांच्या भाषेत परमार्थ सांगत होते, त्यांना गोंधळ नको होता. 'द वेट' मध्ये किल्ली काढून घेतलीय. बायबलमधली नावं सगळीकडं पेरलीत, नाझरेथ, मोझेस, ल्यूक, कयामत, पण त्यातलं एकही नाव आपलं ठरलेलं काम करत नाही. बायबल तोंडपाठ असलेल्या माणसालाही हे कोडंच वाटणार.

तुम्हाला ती पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही, कारण एक गोष्ट मात्र गाण्यात शंभर टक्के स्पष्ट आहे: माणूस नाही म्हणू शकत नाही. मदत केली तर फसतो, नाही केली तर चांगला राहत नाही. हे सांगायला कामक्रोधाचा विंचू लागत नाही.

मानवतरोड
गोदाकाठ ताई, तुम्ही जवळजवळ रॉबर्टसनच्याच वाटेनं गेलात. गाणं त्याच्या नावावर आहे. त्यानं नंतर सांगितलं होतं की लुई बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाचे सिनेमे त्याच्या डोक्यात होते, ज्यात माणूस चांगलं वागायला जातो अन् ते त्याच्याच अंगाशी येतं.

अन् नाझरेथचं ऐकून तर मी हसलो. ते येशूचं नाझरेथ नाहीच म्हणतात. रॉबर्टसनच्या हातात मार्टिन कंपनीची गिटार होती, तिच्या पोटात कारखान्याचा पत्ता लिहिलेला असतो: नाझरेथ, पेनसिल्व्हेनिया. तिथून गाण्याची पहिली ओळ आली.

कापूसकोंडा
म्हणजे आपल्याकडच्या कवीनं तबल्याखालची मिरजेची चिठ्ठी वाचून अभंग लिहिला म्हणा की.

गोदाकाठ
मिरजेत तंबोरे अन् सतारी करतात, कापूसकोंडा. पण हो, तसंच काहीसं.

हुरडा
ऐकलं. त्या कुत्र्याचं पुढं काय झालं?

संबळवाला
@हुरडा शेवटपर्यंत त्याच्याकडंच हाय बहुतेक. कुणी घेतो म्हणलं नाही.

उलटतपासणी
गोदाकाठ, मुद्दा मान्य नाही पण मांडणी आवडली. अजून एक शंका. ही माणसं रॉबर्टसननं मनातून काढली का खरी होती? कॅनडातल्या शहरात वाढलेला माणूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातली माणसं लिहितोय. म्हणजे पुण्यात बसून ऊसतोड कामगारावर कादंबरी लिहिण्याचाच प्रकार.

मानवतरोड
बीडचा माणूस हाच प्रश्न विचारणार हे माहीत होतं. हेल्मनं आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की बरीच माणसं खरी होती. अॅना ली (म्हातारा जिच्याजवळ थांब म्हणतो ती पोर) ही टर्की स्क्रॅचचीच, त्याच्या लहानपणच्या ओळखीची. ल्यूक हा त्यांच्या जुन्या बँडमधला गिटारवाला. चेस्टर फेएटव्हिल गावातला, कमरेला खेळण्यातली पिस्तुलं लावून हिंडायचा. म्हणजे गावं-माणसं हेल्मच्या पोतडीतली, कागदावर उतरवली रॉबर्टसननं. पुढं याच गोष्टीवरून त्यांचं फाटलं. गाण्यांवर नाव रॉबर्टसनचं, मानधन त्याला, अन् हेल्मचं म्हणणं की हे सगळ्यांनी मिळून केलेलं काम होतं. दोघांच्याही बाजू घेणारे लोक आजही भांडतात. हेल्म 2012 ला गेला, रॉबर्टसन 2023 ला.

पेटीमास्तर
चाल कुणाची अन् नाव कुणाचं हे भांडण मंडळातही असतंय. फक्त आमच्यात मानधन नारळ अन् उपरणं.

जलसा
सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण एक सांगते. इथं 'मातीतलं' म्हटलं की लगेच संबळ, भारूड अन् भजन. मराठवाड्याची माती एवढीच आहे का? माझ्या घरात भीमगीतं होती. वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या वस्तीत आजही सर्वांना तोंडपाठ आहेत. अन् ती गायची कशी? ढोलकी, पेटी, टाळ्या, अन् कव्वालीची धाटणी. कव्वाली कुठून आली? 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, दर्गे आहेत, उरूस आहेत, दखनी बोलणारी माणसं शेजारी आहेत. एकाच रस्त्यावर संध्याकाळी हरिपाठ अन् रात्री कव्वालीचा सामना हे मी बघितलंय. त्यातलं काय शुद्ध अन् काय बाहेरचं, कोण ठरवणार?

या बँडचंही तेच आहे. त्यात गोऱ्यांचं कंट्री आहे, काळ्यांचं ब्लूज अन् चर्चमधलं गॉस्पेल आहे. ध्रुवपदात एकामागून एक आवाज चढतात ते मला गॉस्पेलचं देणं वाटतं. हे श्रेय या धाग्यावर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहिते. हेल्म लहानपणी हेलेना गावच्या रेडिओवर ब्लूज ऐकायचा, 'किंग बिस्किट टाइम' नावाचा कार्यक्रम होता, 1941 ला सुरू झालेला. मैद्याच्या कंपनीची जाहिरात अन् काळे वादक. तो ठोका त्यानं तिथं ऐकलाय.

आता मानवतरोड, तुम्ही एकच रेकॉर्ड ऐकलीय. स्टेपल सिंगर्स या गॉस्पेल गाणाऱ्या कुटुंबाबरोबरची ऐका. बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमावर मार्टिन स्कॉर्सेसीनं केलेल्या 1978 च्या 'द लास्ट वॉल्ट्झ' या सिनेमात आहे. दुसरं कडवं मेव्हिस स्टेपल्स गाते अन् तिसरं तिचे वडील पॉप्स. पॉप्स मिसिसिपीत डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढले. म्हणजे नदीच्या अलीकडं हेल्म, पलीकडं पॉप्स. दोघांच्याही हाताला कापूस माहीत, पण मळा कुणाचा अन् वेचणारं कोण, हे वेगळं होतं. मेव्हिस जेव्हा ओझ्याचा शब्द उचलते तेव्हा तो फरक ऐकू येतो. बोल तेच आहेत, पण तिच्या तोंडी आल्यावर ती गंमत वाटत नाही.

संबळवाला
ताई, आत्ताच बघितलं. म्हाताऱ्याचा आवाज किती मऊ. ओरडतच नाही. अन् ती बाई टाळ्या वाजवती त्या नेमक्या ठोक्याच्या मधोमध पडतात. ड्रमवाला पुन्हा तोच, पण ह्यात जरा मोकळा सुटलाय. शेवटी ती बाई हळूच काय म्हणली?

जलसा
'ब्यूटिफुल' म्हणते. गाणं संपल्यावर, स्वतःशीच. हा भाग कार्यक्रमात नाही, नंतर स्टुडिओत वेगळा चित्रित केलाय. एवढी आखणी असूनही ते आपसूक आलंय.

मानवतरोड
जलसा ताई, मान्य. याच मुद्द्याला जोडून: मूळ गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 63 व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. अरीथा फ्रँकलिननं गायलं ते 1969 ला 19 वर पोचलं. त्यावर गिटारवर ड्युएन ऑलमन आहे, सळी घासून वाजवतो. ऐकायला जबरदस्त, पण माझ्या मते तिथं गोष्ट मागं पडते अन् अरीथा पुढं येते. ती एवढी मोठी गायिका आहे की ओझं तिला जड वाटतच नाही.

कापूसकोंडा
आता कुणीतरी हे मराठीत करा. संबळ घाला, तुणतुणं घाला, हिट.

संबळवाला
नका घालू. दर वर्षी गणपतीत कुणीतरी येतंय, दादा जरा संबळ वाजवा, आम्ही गिटारवर बसवतो. बसवतात म्हणजे काय, गाणं त्यांचं आधीच झालेलं असतंय, वर संबळाची फोडणी. मला पैसे मिळतात, मी वाजवतो, पण ते गाणं माझ्या हातातनं आलेलं नसतंय. इथं बघा, एकही वाद्य 'मी गावचं हाय' म्हणून ओरडत नाही. तरी गाव ऐकू येतंय. मराठीत करायचं तर आधी गोष्ट शोधा, मग बघू कोणतं भांडं लागतंय.

गोदाकाठ
दादांचं हे वाक्य धाग्याच्या वर चिकटवा.

पेटीमास्तर
मी रविवारी मंडळात ध्रुवपदाचा तो प्रकार करून बघणार आहे, एकामागून एक आवाज घ्यायचे. अभंग आपलाच. बुवा पांढरी चारच्या वर जात नाहीत, तेव्हा खाली उतरवावं लागेल. मागच्या दोघांना काय सांगायचं ते ठरलं नाही.

मानवतरोड
मास्तर, कळवा. हेल्मचंच पुढचं ऐकायचं असेल तर 2007 चा 'डर्ट फार्मर' (मातीत राबणारा शेतकरी) हा अल्बम घ्या. मधल्या काळात त्याला घशाचा कर्करोग झाला, आवाज गेला, हळूहळू परत आला. आई-बापाकडून शिकलेली गाणी त्यात आहेत. ग्रॅमीही मिळालं.

कापूसकोंडा
नाव वाचूनच विकत घेतला असता. लावतो.

उलटतपासणी
स्टेपल्सवालं ऐकलं. ते आवडलं. मूळ रेकॉर्डबद्दलचं मत होतं तेच आहे.